शहराच्या गल्लीलाही दवंडी हवी

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

१५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले आणि त्यानंतरचे कित्येक दिवस वृत्तपत्रांची पाने महापौर कोणाचा, स्थायी समिती कोणाकडे, कोणत्या गटाचा कोणाला पाठिंबा, अशा बातम्यांनी भरून गेली. त्या बातम्यांचे महत्त्व मी नाकारत नाही. परंतु ज्या प्रभागांतून हे नगरसेवक निवडून गेले, त्या प्रभागांत येत्या महिन्यात कोणता रस्ता खोदला जाणार आहे, कोणत्या वारी पाणी येणार नाही, कोणत्या भूखंडाचे आरक्षण बदलण्याचा प्रस्ताव आहे आणि दवाखान्यात नेत्रतपासणी शिबिर कधी आहे, हे त्या प्रभागातल्या रहिवाशाने नेमके कोठे वाचायचे, या प्रश्नाचे उत्तर मला निवडणुकीपूर्वी मिळाले नव्हते आणि निवडणुकीनंतरही मिळालेले नाही. आपल्या वृत्तपत्राने या प्रश्नात लक्ष घालावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी निवृत्त शिक्षिका आहे आणि गेली काही वर्षे आमच्या भागातील ज्येष्ठ नागरिकांच्या संघाचे व लहानशा वाचनालयाचे काम पाहते. आमच्या चौकात एक जुना पर्जन्यवृक्ष होता. रस्तारुंदीसाठी तो तोडण्याचे ठरले. राज्यात १९७५ पासून नागरी क्षेत्रांतील झाडांच्या जतनाचा कायदा आहे. त्या कायद्यानुसार झाड तोडण्यापूर्वी वृत्तपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते, झाडाच्या दर्शनी भागावर नोटीस लावावी लागते आणि नागरिकांना हरकत घेण्यासाठी सात दिवसांची मुदत असते. आमच्या झाडावरही नोटीस लावलेली होती, ही गोष्ट खरी आहे. मात्र ती खोडाच्या ज्या बाजूला खिळ्याने ठोकली होती, ती बाजू कुंपणाच्या भिंतीकडे होती, आणि ते सात दिवस दिवाळीच्या सुट्टीत येऊन गेले. दोर, करवती आणि ट्रक घेऊन माणसे आली, त्या सकाळी आम्ही भिंतीच्या आणि खोडाच्या मधल्या फटीत वाकून ती नोटीस पहिल्यांदा वाचली. मुदत संपून चार दिवस झाले होते.

ते झाड वाचले असते की नाही, हे मला सांगता येणार नाही. रुंदीकरण खरोखरच आवश्यक असेल आणि आमची हरकत ऐकून घेऊनही ती फेटाळली गेली असती. आमची तक्रार एवढीच आहे की आम्हाला बोलण्याची जी संधी कायद्याने दिली होती ती कागदोपत्री पूर्ण झाली आणि प्रत्यक्षात आमच्यापर्यंत पोहोचलीच नाही. त्या वेळी संबंधित कार्यालयात गेल्यावर मला या प्रकरणाची नस्ती, म्हणजे फाइल, दाखवण्यात आली. तीत नोटिशीची प्रत होती, छायाचित्र होते, वृत्तपत्रातील जाहिरातीचे कात्रण होते. नस्तीत काहीही उणे नव्हते. चौकाच्या आसपास राहणाऱ्या चारेक हजार माणसांपैकी एकालाही ते ठाऊक नव्हते, हे नोंदवायला त्या नस्तीत रकाना नव्हता.

माझे बालपण खेडेगावात गेले. तेथे ग्रामसभा असली की आदल्या दिवशी दवंडी व्हायची. हलगीचा आवाज आला की बायका चुलीपुढून उठून दारात येत आणि माणूस काय सांगतो ते ऐकत. कोणी सभेला जात, कोणी जात नसत, पण सभा आहे हे ठाऊक नाही असे म्हणणारा घरोघर शोधूनही सापडला नसता. पुढे ७३व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला राज्यघटनेतच जागा दिली. महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे बंधनकारक आहे आणि नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभाही घ्यायची असते. गावाच्या सभा नेहमीच नीट होतात असे मी म्हणत नाही. गणसंख्येअभावी तहकूब झालेल्या सभा आणि घरोघरी फिरवून घेतलेल्या सह्या मीही पाहिल्या आहेत. तरीही गावातल्या माणसाला, वर्षातून काही ठरलेल्या वेळी आपण सरपंचासमोर उभे राहून हिशेब विचारू शकतो, एवढे तरी पक्के माहीत असते.

शहरातल्या माणसाला हा आधार नाही. १ जून १९९३ रोजी अमलात आलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने नगरपालिका आणि महानगरपालिकांना घटनेत स्थान दिले, बाराव्या अनुसूचीत १८ विषय नेमून दिले, पाच वर्षांची मुदत ठरवली. परंतु ग्रामसभेसारखी सर्व मतदारांची सभा तिने शहरांसाठी सांगितली नाही. तिने सांगितली ती तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी प्रभाग समिती, आणि या समितीत बसतात ते मुख्यतः नगरसेवक. आपल्या राज्याच्या महानगरपालिका अधिनियमात या समितीवर त्या भागात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांच्या प्रतिनिधींना घेण्याची तरतूद आहे. पाणीपुरवठा, मलनिःसारण, साफसफाई अशा सेवांबाबतच्या सामाईक तक्रारींचे निवारण करणे आणि प्रभागातील खर्चाच्या अंदाजांवर शिफारशी करणे, ही तिची कामे आहेत. म्हणजे आमच्या रोजच्या जगण्याशी महानगरपालिकेचा जो सर्वांत जवळचा संबंध येतो, तो याच समितीच्या टेबलावर येतो. पण ती कोणत्या दिवशी बसते, तिची विषयपत्रिका काय असते आणि तिच्या इतिवृत्तात काय लिहिले जाते, हे आमच्या ओळखीतल्या एकाही रहिवाशाला सांगता आले नाही. मी मुद्दाम विचारले म्हणून हे लिहिण्याचे धाडस करते.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. केंद्र सरकारच्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानाचा निधी मिळवण्यासाठी राज्यांना ज्या सुधारणा कराव्या लागल्या, त्यांत लोकसहभागाचा कायदा करणे ही एक अट होती. त्यानुसार महाराष्ट्राने २००९ मध्ये महानगरपालिका व नगरपरिषदांच्या कायद्यांत दुरुस्ती करून ‘क्षेत्रसभा’ आणली. काही मतदान केंद्रांचा परिसर मिळून एक क्षेत्र, त्या क्षेत्रातील सर्व मतदार हे त्या सभेचे सदस्य, आणि सभा बोलावण्याची जबाबदारी नगरसेवकावर, अशी ती रचना आहे. थोडक्यात, शहरी माणसाची ग्रामसभा कायद्याच्या पुस्तकात येऊन पंधरा वर्षे उलटून गेली. आमच्या प्रभागात ती माझ्या आठवणीत एकदाही भरलेली नाही. मी हा शब्द वाचनालयात पाच-सहा जणांसमोर उच्चारला, तेव्हा त्यांतील एका निवृत्त शासकीय अधिकाऱ्यांनीही तो प्रथमच ऐकत असल्याचे सांगितले.

निवडणुका लांबल्यामुळे परिस्थिती अधिकच बिघडली, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे. राज्यातील अनेक महानगरपालिकांच्या मुदती २०२० ते २०२३ या काळात संपल्या. मुंबईची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर प्रशासक आले आणि सर्वसाधारण सभा व स्थायी समिती यांचे अधिकार एका अधिकाऱ्याच्या स्वाक्षरीत एकवटले. सभागृह भरत असताना विरोधी बाकांवरचा एखादा नगरसेवक प्रश्न विचारत असे, त्याची बातमी होत असे आणि त्या बातमीतून आम्हाला आमच्याच रस्त्याचे काही कळत असे. तोही मार्ग बंद झाला. कामे थांबली नाहीत, परंतु कामाची आगाऊ बातमी थांबली. आता सभागृहे पुन्हा भरू लागली आहेत. म्हणूनच सवयी लावायच्या असतील तर त्या आत्ताच लावायला हव्यात. वर्षभरानंतर प्रत्येकाची आपापली पद्धत बसून गेलेली असेल.

माहिती रहिवाशांपर्यंत पोहोचवणे ही प्रशासनाने केलेली मेहेरबानी नाही, तर तो कायद्याचा आदेश आहे, हे मला येथे ठामपणे सांगायचे आहे. माहितीचा अधिकार म्हटले की आपल्याला दहा रुपये शुल्काचा अर्ज आणि तीस दिवसांची मुदत आठवते. पण २००५ च्या त्या अधिनियमाचे चौथे कलम अर्जाविषयी बोलतच नाही. ते प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाला सतरा बाबींची माहिती कोणी न मागता स्वतःहून प्रसिद्ध करायला सांगते. लोकांवर परिणाम करणारे महत्त्वाचे निर्णय जाहीर करताना त्यासंबंधीची सर्व वस्तुस्थिती प्रसिद्ध करा, ज्यांना निर्णयाची झळ बसते त्यांना कारणे द्या, आणि लोकांना या कायद्याचा कमीत कमी आधार घ्यावा लागेल इतकी माहिती आपणहून देत राहा, असे ते कलम म्हणते. इतकेच नव्हे, तर ही माहिती स्थानिक भाषेत आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरेल अशा मार्गाने पोहोचवावी, असेही त्यात आहे. सूचना फलक, वर्तमानपत्रे, जाहीर घोषणा, प्रसारमाध्यमे आणि इंटरनेट हे मार्ग कायद्यानेच नावानिशी सांगितले आहेत. जाहीर घोषणा हे शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. दवंडी याहून वेगळी ती काय असते?

असे असताना आमच्याकडे माहिती कशी पोहोचते ते पाहा. प्रभाग कार्यालयाचा सूचना फलक जिन्याखाली आहे आणि त्याच्या काचेच्या दाराला कुलूप आहे. आत तीन-चार थर कागद एकावर एक टाचलेले आहेत आणि सर्वांत वरचा कागद गेल्या वर्षीच्या लिलावाचा आहे. महानगरपालिकेच्या संकेतस्थळावर निविदा असतात, परंतु त्या कामाच्या लेखाशीर्षानुसार लावलेल्या असतात. गल्लीच्या किंवा चौकाच्या नावाने शोधले तर काही सापडत नाही. वृत्तपत्रातील जाहीर निवेदनांचा टाइप इतका बारीक असतो की आमच्या संघातील सदस्यांना भिंग लागते, आणि ‘सर्व्हे क्रमांक अमुक पैकी, हिस्सा क्रमांक तमुक’ असे वाचून ती जागा आपल्या खिडकीसमोरची आहे, हे ओळखायला महसुली नकाशा जवळ असावा लागतो.

राहिला व्हॉट्सॲप. आज बहुतेक सोसायट्यांचे ग्रुप आहेत आणि त्यांचा उपयोग होतो हे मी मान्य करते. पण मागच्या उन्हाळ्यात ‘उद्या संपूर्ण दिवस पाणीपुरवठा बंद’ असा संदेश आमच्याकडे फिरला, लोकांनी बादल्या, पिंपे, घागरी भरून ठेवल्या, आणि दुसऱ्या दिवशी पाणी नेहमीप्रमाणे आले. तो संदेश दोन वर्षांपूर्वीचा होता. त्यावर तारीख नव्हती, जावक क्रमांक नव्हता, कोणत्या अधिकाऱ्याने काढला ते नव्हते. त्यानंतर महिन्याभराने खरीच पाणीबंदी आली तेव्हा निम्म्या लोकांनी तो संदेश जुना समजून सोडून दिला. आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. सोसायटीच्या ग्रुपमध्ये घरमालक असतात, भाडेकरू बहुधा नसतात. सोसायटीमागच्या वस्तीत राहणाऱ्या आणि आमच्याच घरांत कामाला येणाऱ्या बायका तर कोणत्याच ग्रुपमध्ये नसतात. पाणी त्यांचेही बंद होते, आणि साठवायला त्यांच्याकडे आमच्यापेक्षा कमी भांडी असतात.

कार्यक्रमांची गोष्टही निराळी नाही. शहरात दर आठवड्याला काही ना काही लोकोपयोगी घडत असते. महानगरपालिकेच्या दवाखान्यात तपासणी शिबिर असते, मतदारयादीतील नावे दुरुस्त करण्यासाठी अधिकारी शाळेत बसतात, महिला व बालकल्याणच्या योजनेतून शिवणकामाचे किंवा संगणकाचे प्रशिक्षण सुरू होते, उद्यान विभागाचे पुष्पप्रदर्शन असते, वाचनालयात व्याख्यान असते. यांपैकी बहुतेकांची बातमी आम्हाला चौकातल्या फ्लेक्सवरून कळते. त्यावर वाढदिवस असलेल्या व्यक्तीचे आणि शुभेच्छा देणाऱ्या वीस जणांचे चेहरे असतात आणि कार्यक्रमाची वेळ व स्थळ खालच्या कोपऱ्यात, रस्त्यावरून जाताना वाचता येणार नाही एवढ्या अक्षरांत असते. विनापरवाना फलकांमुळे शहराचे जे विद्रूपीकरण होते त्याविरुद्ध १९९५ पासून राज्यात कायदा आहे, परंतु मला येथे विद्रूपीकरणापेक्षाही त्या खालच्या कोपऱ्याचे दुःख अधिक आहे. गेल्या वर्षी आमच्या दवाखान्यात मोतीबिंदूची तपासणी होती. डॉक्टर दुपारपर्यंत बसून होते आणि आले अकरा जण. त्याच आठवड्यात आमच्या संघातील एक आजोबा त्याच तपासणीसाठी रिक्षा करून शहराच्या दुसऱ्या टोकाला खासगी रुग्णालयात जाऊन आले. दवाखाना त्यांच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर आहे.

माहिती वेळेवर मिळाली तर लोक काय करतात, याचे एक मोठे उदाहरण आपल्या राज्यातच आहे. २०१५ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला झाला. नागरिकांचे गट, वास्तुरचनाकार, रहिवासी संघ एकत्र आले, नकाशे भिंतीवर लावून भागाभागांत बैठका घेतल्या गेल्या आणि लोकांनी आपापली गल्ली त्या नकाशात शोधली. मग कळले की कोठे उभ्या इमारतींमधून रस्ता दाखवला आहे, कोठे प्रार्थनास्थळांची आणि वारसा वास्तूंची नोंदच चुकली आहे. चुका इतक्या निघाल्या की एप्रिल २०१५ मध्ये तो मसुदा दुरुस्त करून नव्याने मांडण्याचे आदेश राज्य सरकारला द्यावे लागले. त्या चुका कार्यालयात बसलेल्या सल्लागारांना दिसल्या नव्हत्या. दिसल्या त्या तेथे रोज चालणाऱ्या माणसांना. नागरिकांना आधी सांगण्यात प्रशासनाचाही किती फायदा आहे, हे यावरून लक्षात यावे. पुणे महानगरपालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून क्षेत्रीय कार्यालयामार्फत कामे सुचवून घ्यायला सुरुवात केली, तीही याच विचाराने. त्या सूचनांतून बाक, पदपथ, दिवे अशी लहान कामे येतात आणि ती लहान असली तरी कोणत्या बसथांब्यावर म्हातारी माणसे ताटकळत उभी राहतात हे सुचवणाऱ्यालाच ठाऊक असते.

लहान प्रमाणावर याचा अनुभव आम्हीही घेतला आहे. मधल्या काळात आमच्या भागात पाणीपुरवठा विभागाचे एक कनिष्ठ अभियंता बदलून आले होते. मुख्य वाहिनी बदलायची होती आणि तीन आठवडे कमी दाबाने पाणी येणार होते. त्यांनी काम सुरू होण्याच्या दहा दिवस आधी स्वतःच्या हाताने एक सूचना लिहिली. कोणत्या गल्लीत कोणत्या तारखेला खोदकाम, पाणी कधी येईल, टँकर कोठे उभा राहील आणि वाहिनी का बदलावी लागते, एवढे त्यात होते. तिच्या प्रती त्यांनी शिधावाटप दुकान, दूध केंद्र, शाळा आणि आमचे वाचनालय येथे लावल्या. त्या तीन आठवड्यांत एकदाही कार्यालयावर मोर्चा गेला नाही. एरवी एका दिवसाच्या पाणीटंचाईवर हंडे घेऊन जाणाऱ्या आमच्याच बायका टँकरजवळ रांग लावून उभ्या राहत. जुनी गंजलेली वाहिनी बाहेर काढून ठेवली तेव्हा लोक ती पाहायला गेले. त्या अभियंत्यांची पुढे बदली झाली आणि ती पद्धतही त्यांच्याबरोबर गेली, कारण ती एका माणसाची होती, कार्यालयाची नव्हती.

ती कार्यालयाची व्हावी, ही माझी मागणी आहे. प्रत्येक प्रभाग कार्यालयाने दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एका कागदाच्या दोन बाजूंवर मावेल असे प्रभाग पत्रक मराठीत काढावे. २०२२ मध्ये स्थानिक प्राधिकरणांच्या कामकाजात मराठी अनिवार्य करणारा कायदा झालेला असल्याने भाषेचा प्रश्न उरलेला नाही. फक्त ती मराठी रहिवाशांना समजेल अशी असावी. त्या महिन्यात सुरू होणारी कामे, त्यांचे कार्यादेश, रक्कम, ठेकेदार आणि पूर्ण होण्याची तारीख, ज्यांच्यावर हरकत घेता येते अशा सर्व सूचना त्यांच्या अखेरच्या तारखेसह आणि सर्व्हे क्रमांकाऐवजी लोकांच्या तोंडी असलेल्या खुणेसह, प्रभाग समितीच्या बैठकीचा दिवस, मागील बैठकीच्या इतिवृत्ताचा घोषवारा, आणि शिबिरे व कार्यक्रम, एवढे त्यात असले तरी पुष्कळ झाले. प्रत्येक पत्रकावर तारीख, जावक क्रमांक आणि अधिकाऱ्याचे पदनाम मोठ्या अक्षरांत असावे, म्हणजे त्याचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर फिरले तरी जुने आणि नवे ओळखता येईल. यासाठी नवी योजना नको, सल्लागार नको, ॲप तर नकोच नको. कार्यालयात संगणक आहे, छपाईयंत्र आहे आणि ही सर्व माहिती त्याच कार्यालयाच्या निरनिराळ्या टेबलांवर आधीच लिहिलेली आहे.

आता दवंडीचा मुद्दा. ज्यांना वाचता येत नाही, ज्यांना दिसत नाही, जे पहाटे कामाला निघतात आणि रात्री परततात, त्यांच्यापर्यंत कागद पोहोचत नाही. परंतु आमच्या शहरात एक वाहन रोज सकाळी प्रत्येक गल्लीत जाते, वस्तीतही जाते आणि सोसायटीतही, आणि त्यावर ध्वनिक्षेपक बसवलेला असतो. ती घंटागाडी. सध्या तिच्यावर स्वच्छतेचे गाणे वाजते. त्या गाण्याच्या मध्ये अर्ध्या मिनिटाची प्रभागाची सूचना वाजवली, ‘या गुरुवारी पाणी येणार नाही’, ‘शनिवारी शाळेत मतदारयादीचे काम आहे’, ‘चौकातील झाडाबाबत हरकत घ्यायची असल्यास मंगळवारपर्यंत मुदत आहे’, तर ती ऐकली नाही असे म्हणणारा गल्लीत सापडणार नाही. ध्वनिमुद्रण करायला एक भ्रमणध्वनी पुरतो. मी हे आमच्या भागातील एका मुकादमांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, ‘बाई, वरून आदेश आला तर उद्यापासून लावतो.’ तो आदेश वरून यावा, यासाठी नव्याने निवडून आलेल्या नगरसेवकांनी पहिल्याच प्रभाग समितीत ठराव मांडावा.

मुंबई वगळता इतर महानगरपालिकांत बहुसदस्यीय प्रभाग असल्यामुळे एक अडचण उभी राहते, तिचाही उल्लेख करते. एका प्रभागात तीन किंवा चार नगरसेवक असले की क्षेत्रसभा नेमकी कोणी बोलवायची हा प्रश्न येतो, आणि ज्याने त्याने दुसऱ्याकडे बोट दाखवले की सभा होत नाही. रहिवाशांना यात फरक पडण्याचे कारण नाही. प्रभागातील क्षेत्रे नगरसेवकांनी आपसांत वाटून घ्यावीत, किंवा सर्वांनी मिळून एकच सभा घ्यावी, पण तिची तारीख पत्रकात छापून यावी. चौघे एकाच व्यासपीठावर बसले आणि ते वेगवेगळ्या पक्षांचे असले, तर लोकांना तुलना करायलाही सोयीचे जाईल. पहिली सभा पावसाळ्याच्या आधी व्हावी असे मला वाटते, कारण नालेसफाई झाली की नाही हे कंत्राटाच्या देयकापेक्षा नाल्याकाठी राहणारी माणसे अधिक खात्रीने सांगू शकतात.

संपादक महोदय, आपल्याकडेही माझे एक मागणे आहे. ‘आजचे कार्यक्रम’ हे छोटेसे सदर मराठी वृत्तपत्रांच्या वाचकांना जुने परिचयाचे आहे. कोणाचे व्याख्यान कोठे, कीर्तन किती वाजता, हे त्यातून कळत असे आणि माझ्या वडिलांसारखे कितीतरी वाचक पहिल्या पानाआधी ते वाचत. त्याच धर्तीवर आठवड्यातून एकदा प्रभागवार सूचनांचे एक सदर आपण सुरू करावे. हरकतींच्या चालू मुदती, प्रभाग समित्यांच्या बैठका, पाणी व वाहतूक यांतील बदल आणि लोकोपयोगी शिबिरे, एवढेच त्यात द्यावे. त्यात कोणाचे छायाचित्र नको, उद्घाटकाचे नाव नको. सर्वसाधारण सभेला आपला वार्ताहर जातो, तसा महिन्यातून एकदा कोणत्यातरी एका प्रभाग समितीलाही तो जाऊन बसला, तर तेथील कामकाजाला शिस्त येईल. त्या बैठकांत मोठी राजकीय बातमी मिळणार नाही, हे मी जाणते. पण पदपथावरचे फुटलेले झाकण आठ बैठकांत कसे पुढे ढकलले गेले, ही बातमी त्या पदपथावरून शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आईवडिलांसाठी पहिल्या पानाची आहे.

कोणी म्हणेल की लोकांनाच रस नसतो, सांगून तरी काय उपयोग. हे मी अधिकाऱ्यांकडून ऐकले आहे आणि दुर्दैवाने शेजाऱ्यांकडूनही. मला ते पटत नाही. ज्या माणसाला नेहमी काम झाल्यानंतरच कळते, तो हळूहळू विचारायचे सोडून देतो. त्याच्या गप्प बसण्याला अनास्था म्हणणे योग्य नाही. झाड तुटले त्या सकाळी आमच्या चौकात शंभरावर माणसे जमली होती. त्यांना रस नव्हता असे कोण म्हणेल?

दुसऱ्याकडे मागणी करून थांबायचे नाही, असे आमच्या वाचनालयाने ठरवले आहे. गेल्या महिन्यात आम्ही तिघे जण प्रभाग कार्यालयात गेलो आणि आमच्या प्रभागातील चालू व नियोजित कामांची यादी मागितली. तेथील लिपिकांनी आदराने बसवले आणि अर्ध्या तासात यादी काढून दिली, हे मुद्दाम सांगते. यादीत नऊ कामे आहेत. त्यांतील सहा कामांच्या सुरू होण्याच्या तारखा मिळाल्या, तीन कामांच्या मिळाल्या नाहीत. आम्ही ती यादी सुवाच्य अक्षरांत एका मोठ्या कागदावर उतरवून वाचनालयाच्या दारावर लावली आहे आणि वस्तीतल्या अंगणवाडीतही एक प्रत दिली आहे. दर महिन्याच्या एक तारखेला ती नवी होईल. तीन कामांपुढचा तारखेचा रकाना आम्ही मोकळा ठेवला आहे आणि कागदाशेजारी दोऱ्याला बांधून पेन ठेवले आहे. कार्यालयाकडून तारखा कळल्या की ज्याला कळतील त्याने त्या भराव्यात.

आपली विश्वासू,
एक प्रभागवासी वाचक